पुस्तकांचा सातबारा

द्वितीय वर्ष, कला शाखा

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हां पाच जणांना एक काम नेमून दिले. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत बेचाळीसची चळवळ कशी झाली, यासंबंधी मराठीत जे काही छापले गेले असेल त्याची यादी करायची. निबंध लिहायचा नाही, मते मांडायची नाहीत, नुसती यादी! आम्ही मनातल्या मनात हसलो. दोन दिवसांत उरकू, असे म्हणत वर्गाबाहेर पडलो. या गोष्टीला आता वर्ष होत आले. यादी अजून अपुरीच आहे, आणि ती अपुरी का राहिली याचा विचार करता करता मला प्रस्तुत लेखाचा विषय सापडला.

आपल्या भागातील बेचाळीस म्हणजे भाई कोतवाल. माथेरानला जन्मलेला, कायद्याचे शिक्षण घेतलेला हा माणूस आझाद दस्ता उभारतो, विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणतो, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा होतो. एवढे तर इथल्या प्राथमिक शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण ग्रंथालयांच्या नोंदवह्या उघडल्या आणि आमची गाडी घाटात अडकली. एका वहीत 'कोतवाल, वि. ल.', दुसरीत 'विठ्ठल लक्ष्मण', तिसरीत 'भाई कोतवाल', आणि एका ठिकाणी तर 'हुतात्मा' या शब्दाखाली, म्हणजे 'ह' या अक्षरात! हे चारही एकच गृहस्थ आहेत हे मला कळते, कारण मी इथला आहे. परगावच्या विद्यार्थ्याला ते कळेलच असे नाही. यंत्राला तर मुळीच कळणार नाही. त्याच्या लेखी ही चार निरनिराळी माणसे.

मग मोबाइलवर शोध घेतला. तिथे सर्वांत आधी काय आले असेल? २०२० साली भाई कोतवालांवर निघालेला चित्रपट! त्यात कोण कोण आहे, दिग्दर्शन कोणाचे, तो प्रदर्शित कधी झाला, सारे एका ओळीत नीटनेटके मांडलेले. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. चित्रपटाची माहिती इतकी व्यवस्थित आणि पुस्तकांची इतकी विस्कटलेली का? उत्तर सोपे आहे. माहिती दिली नाही तर तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळांवर खेळ दिसणार नाही, आणि खेळ दिसला नाही तर खुर्च्या रिकाम्या राहतील. निर्मात्याला माहिती देण्यात लाभ आहे. पुस्तकाच्या प्रकाशकाला तो दिसत नाही. माझ्या मते सगळे दुखणे इथेच आहे.

नावांची ही कथा, गावांची तर त्याहून वाईट. कर्जत दोन आहेत. एक आपले, भोरघाटाच्या पायथ्याचे. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले. 'कर्जत तालुक्याचा इतिहास' असे शोधले की निम्मा दुष्काळ आणि निम्मा मुसळधार पाऊस, अशी खिचडी पुढे येते! आपला जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला. त्याआधीच्या सर्व पुस्तकांत तो कुलाबा. आता कुलाबा म्हणजे जुना जिल्हा, की अलिबागचा किल्ला, की मुंबईतला भाग? आणि रायगड म्हणजे जिल्हा, की महाराजांची राजधानी? एवढ्यावर भागत नाही. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कर्जत शोधायचे असेल तर ठाणे जिल्ह्याचा खंड काढावा लागतो, कारण त्या वेळी आपण ठाण्यात होतो. आम्ही आठवडाभर कुलाब्याचा खंड चाळत बसलो होतो. सर काही बोलले नाहीत, नुसते हसले.

या घोळावर जगात उपाय निघालेला आहे. त्याला 'लिंक्ड डेटा' म्हणतात. मराठीत जोडलेली माहिती म्हणू. शब्द नवा आहे, पण कल्पना मात्र आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. आमच्या घरी पुस्तके नव्हती, परंतु कागद होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते कागद काढायचे म्हणजे वडील आधी हात धुऊन येत. गाव नमुना सात, नमुना बारा, आठ-अ, फेरफार. लहानपणी मला त्यातले काही उमगत नसे. आता वाटते, केवढी हुशार रचना आहे ही! जमिनीला आपण 'वडाखालचे', 'ओहोळाजवळचे' अशी नावे देतो, पण कागदावर तिला गट नंबर असतो. नाव बदलेल, मालक बदलेल, नंबरावरून जमीन ओळखता येते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून फेरफाराच्या नोंदवहीत गेले की कोणाकडून, कधी, कशी आली ते कळते. आठ-अ वर खातेदाराचे नाव काढले की त्याच्या गावातल्या साऱ्या जमिनी कळतात. एक कागद दुसऱ्याचा पत्ता सांगतो.

जोडलेली माहिती म्हणजे हेच. प्रत्येक वस्तूला, म्हणजे पुस्तकाला, लेखकाला, गावाला एक कायमचा पत्ता द्यायचा. त्या पत्त्यावर गेले की तिची माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर वस्तूंचे पत्ते असावेत. इंटरनेटवरील जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली 'सिमँटिक वेब', म्हणजे यंत्रालाही अर्थ कळेल अशा जाळ्याची कल्पना आपल्या सहकाऱ्यांसह मांडली आणि २००६ साली या पत्त्यांचे चार साधे नियम लिहिले. २०१२ मध्ये विकिडेटा सुरू झाला. तिथे प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो. एकदा आपल्या कर्जतचा क्रमांक पुस्तकाच्या नोंदीत घातला की ते पुस्तक नगरकडच्या कर्जतात जाऊन बसणार नाही.

तेव्हा अडचण तंत्राची उरलेली नाही. अडचण आहे ती नोंद करण्याची इच्छा कोणाला व्हावी, ही.

मराठीत आजवर हे काम झाले ते एकेका माणसाच्या ध्यासाने. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली; पुढच्या खंडात १९५० पर्यंतची पुस्तके आणली. ते काम नंतर शरद केशव साठे यांनी पुढे नेले. दात्यांचा जाडजूड ग्रंथ मी प्रथम हातात घेतला तेव्हा खरे सांगतो, छाती दडपली. संगणक नाही, फोन नाही. पुस्तक पाहायचे, टिपण करायचे, वर्गवारी लावायची. याच दात्यांनी काळे आणि बर्वे यांच्यासह १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांचीही सूची केली. असा माणूस एखाद्या भाषेला शतकातून एखादा लाभतो. पण प्रत्येक पिढीला दाते मिळतील या भरवशावर भाषेने बसून राहावे काय? आणि जी माहिती प्रकाशकाच्या टेबलावर पुस्तक छापतानाच तयार असते, ती गोळा करण्यासाठी कोणी तरी आयुष्य का जाळावे?

या वर्षी ग्रंथप्रदर्शनाच्या निमित्ताने एक प्रकाशक आपल्या महाविद्यालयात आले होते. गर्दी ओसरल्यावर मी धीर करून त्यांना विचारले,

"काका, तुमच्या सगळ्या पुस्तकांची माहिती तुम्ही खुली का करत नाही? लेखक, विषय, वर्ष, कोणत्या गावाबद्दल आहे, एवढेच."

ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बस बाळ. मी पाचशे प्रती काढतो. त्या संपायला कधी चार वर्षे लागतात. गठ्ठे मी बांधतो, बिले बायको करते. आता ही माहिती भरायला माणूस ठेवायचा झाला, तर त्याच्या पगाराइतक्या प्रती जास्त जातील का, ते मला सांग."

मला सांगता आले नाही. मी भाषेच्या सेवेविषयी काही तरी पुटपुटलो. त्यावर ते म्हणाले, "सेवा तीस वर्षे करतोच आहे."

त्या रात्री लोकलने घरी जाताना मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. आपण विद्यार्थी आणि प्राध्यापक व्यासपीठावरून नेहमी म्हणतो की मराठी प्रकाशकांना दृष्टी नाही. त्यांना दृष्टी आहे. त्यांना हिशोब दिसतो, तो आपल्याला दिसत नाही. शेतकरी आपल्या जमिनीची नोंद करून घेतो ती काय महसूल खात्याच्या प्रेमापोटी? उतारा नसेल तर पीककर्ज नाही, विक्री नाही, म्हणून तो चावडीत खेटे घालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून गेला. त्या वेळच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. ज्याचे नाव कागदावर होते त्याला मोबदला मिळाला. जो पिढ्यान्‌पिढ्या कसत होता पण ज्याचे नाव कधी चढलेच नव्हते, तो बांधावर उभा राहून पाहत राहिला. आमच्या आजोबांचे एक नातलग अशांपैकी होते. नोंदीची किंमत आमच्या घरात कोणाला शिकवावी लागत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे: पुस्तकाची नोंद केली तर प्रकाशकाला मोबदला कोणता?

परदेशात या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली. संशोधनपत्रिका छापणाऱ्या मोठमोठ्या प्रकाशकांनी २००० साली 'क्रॉसरेफ' नावाची संस्था चालू केली. हे सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. तरीही प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक घ्यायचा, त्याची माहिती सर्वांच्या सामाईक कोठारात ठेवायची आणि आपल्या लेखाखालील संदर्भ दुसऱ्याच्या लेखाला जोडायचे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी वर पैसेही भरतात! का? तर तुझा वाचक माझ्याकडे येईल, माझा तुझ्याकडे. आपल्याकडे पेरणीच्या वेळी जी सावड चालते, त्यातलाच हा प्रकार. दुसरे उत्तर बाजाराचे. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून 'स्कीमा' नावाची एक सामाईक परिभाषा काढली. त्या परिभाषेत आपल्या पानावर माहिती लिहिली की शोधाच्या उत्तरात किंमत, लेखक, अभिप्राय हे ठळकपणे दिसण्याचा संभव वाढतो. झाले! ज्या दुकानदारांना अर्थ कळणाऱ्या जाळ्याशी काही देणेघेणे नव्हते, तेही माहिती भरू लागले.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो खोटा नाही. गूगलने २०१२ पासून माहिती जोडून उत्तर आपल्याच पानावर द्यायला सुरुवात केली. वाचकाला उत्तर तिथेच मिळाले तर तो मूळ पानावर कशाला येईल? आता तर प्रश्न विचारला की यंत्र स्वतःच परिच्छेद लिहून देते. ज्याने माहिती गोळा केली त्याचे नाव कुठे राहते? त्यातच नवे पुस्तक बाजारात आले की त्याची पीडीएफ गटागटांतून फिरू लागते, हे आपण सगळेच जाणतो. (फिरवणाऱ्यांत आपणही असतो, हे इथे कबूल केलेले बरे.) एकदा हात पोळलेल्या प्रकाशकाने 'खुली माहिती' हे शब्द ऐकताच दार लावून घेतले तर त्याला दोष कसा द्यावा?

पण इथे एक गल्लत होते. उतारा दिला म्हणजे जमीन दिली असे नव्हे. आज कोणाचाही सातबारा कोणालाही इंटरनेटवर पाहता येतो. म्हणून कोणी उठून दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू शकत नाही. उलट, हे शेत याचे, असे चारचौघांत सांगणारा तो कागद असतो. पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती, वर्ष, विषय, त्यातील गावांची आणि माणसांची नावे, किंमत आणि ते कुठे मिळते एवढी माहिती खुली असावी. आतला मजकूर प्रकाशकाचा आणि लेखकाचा. प्रकाशक या दोन गोष्टी एकच समजून दोन्ही कुलपात ठेवतात, आणि मग पुस्तक चोरीला जायचे ते जातेच. फक्त विकत घेऊ इच्छिणाऱ्याला ते सापडत नाही! भाई कोतवालांवरील एखादे पुस्तक कोणत्या दुकानात आहे हे कळले असते तर आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून घेतले असते.

मग मोबदला कोण देणार? माझे उत्तर स्पष्ट आहे: जो पुस्तकांचा मोठा गिऱ्हाईक आहे, त्याने. आणि मराठीत मोठा गिऱ्हाईक म्हणजे सार्वजनिक ग्रंथालये व त्यांना अनुदान देणारे शासन.

धाकाचा मार्ग आपण वापरून पाहिलेला आहे. इंग्रजांनी १८६७ साली छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यात विद्येच्या प्रेमापेक्षा प्रजेवरील नजर अधिक होती. तरी त्यातून निघालेल्या पुस्तकांच्या याद्या आज संशोधकांना उपयोगी पडतात, हा दैवाचा विनोद म्हणायचा. स्वतंत्र भारतात १९५४ साली कायदा झाला की प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यावी. न दिल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपये! टपालाला याहून अधिक लागतात. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तेव्हा त्यात नियतकालिके राहिली आणि पुस्तके वगळली गेली. म्हणजे तो जुना धाकही उरला नाही.

लोभाचा मार्ग मात्र आपल्या हाताशी आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार गावोगावची ग्रंथालये अनुदान घेतात आणि त्यातून पुस्तके खरेदी करतात. शासन ग्रंथालयांसाठी निवडक पुस्तकांच्या याद्या काढते, आणि त्या यादीत आपले पुस्तक यावे म्हणून प्रकाशक धडपडतात. ही धडपड म्हणजेच आपला लगाम आहे. पुस्तक पाठवताना त्यासोबत एक पानाचा ठरलेला तक्ता, युनिकोड अक्षरांत, पाठवलाच पाहिजे, एवढी अट घालावी. तक्त्यात आयएसबीएन असावा. आपल्या देशात तो क्रमांक प्रकाशकाला फुकट मिळतो. लेखकाचा क्रमांक, विषय, पुस्तक कोणत्या जिल्ह्याविषयी व तालुक्याविषयी आहे ते असावे. शासनाने हे सारे तक्ते जोडून खुले करावेत. कोणाला नवा कर नाही, दंड नाही. तक्ता नाही तर खरेदी नाही, एवढेच. ज्या काकांनी मला खुर्ची दिली, ते हा तक्ता रात्री जागून भरतील याची मला खात्री आहे, कारण मग त्यांचा हिशोब जुळतो.

युनिकोडचा आग्रह का, हे मराठीच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यायला हवे. आपली पुष्कळशी पुस्तके वर्षानुवर्षे अशा टंकांत जुळवली गेली की कागदावर सुंदर देवनागरी उमटते, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास असते. डोळ्यांना 'कोतवाल' दिसते; यंत्राला भलतेच काही. अशा फायलींचे डोंगर असले तरी शोधाला ते नसल्यासारखेच. याउलट मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने नीट संगणकावर चढवला, म्हणून आज मी नेरळच्या फलाटावर उभा राहून त्यात शब्द पाहू शकतो. वाईच्या मराठी विश्वकोशाचेही तसेच. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि आज तो कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. परंतु या दोन्हींमागे विद्यापीठाचे किंवा शासनाचे पाठबळ आहे. पाचशे प्रती काढणाऱ्याकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडून तक्ता मागावा, ग्रंथ नव्हे.

आता घरचेच एक उदाहरण सांगून थांबतो. यादी करताना आमच्या ग्रंथपाल मॅडम दुसरेच काही शोधत होत्या आणि कपाटाच्या तळातून या वार्षिकांकाचा एक जुना अंक निघाला. मुखपृष्ठ गेलेले, त्यामुळे साल कळत नाही. त्यात एका विद्यार्थिनीने आपल्या आजीची आठवण लिहिली आहे: बेचाळीसच्या पावसाळ्यात रात्री कोणी तरी दार वाजवायचे, आजी भाकऱ्या बांधून द्यायची, आणि नाव विचारायचे नाही असा घरात दंडक होता. दीड पानाचा मजकूर. एवढा जिवंत कागद आम्हांला वर्षभरात दुसरा मिळाला नाही. तो कोणत्याही सूचीत नाही, कोणत्याही संकेतस्थळावर नाही, आमच्या स्वतःच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीतही नाही. तिथे फक्त 'वार्षिकांक, १ प्रत' एवढेच लिहिलेले! म्हणजे प्रकाशकांना नावे ठेवणारे आपणही प्रकाशकच आहोत, आणि दरवर्षी छापून दरवर्षी पुरतो आहोत. आपल्याला तर विक्रीचीही चिंता नाही. मग आपले निमित्त कोणते?

संपादक मंडळाच्या परवानगीने आम्ही तिघांनी दिवाळीनंतर कपाटातील अंकांच्या अनुक्रमणिका टंकायला घेतल्या. लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठ, आणि लेखात आलेली गावे व माणसे. आतापर्यंत एकोणीस अंक झाले. कोतवालांचे नाव तीन ठिकाणी निघाले, तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले. तिन्हींपुढे आम्ही एकच क्रमांक घातला. त्या विद्यार्थिनीच्या अंकाचे साल अजून लागलेले नाही. आजीच्या गावाचे नाव लेखात आहे, पण लेखिकेचे लग्नानंतरचे नाव आम्हांला ठाऊक नसल्याने तिचा शोध तिथेच थांबला आहे.

ज्या प्राध्यापकांकडे किंवा माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने अंक असतील, त्यांनी ते पाहण्यास द्यावेत अशी विनंती आहे. ऐंशीच्या दशकातले अंक विशेष हवे आहेत. आम्ही बुधवारी आणि शनिवारी तास संपल्यावर ग्रंथालयात खिडकीशेजारच्या टेबलावर असतो. अंक त्याच दिवशी परत मिळेल. आम्हांला फक्त अनुक्रमणिकेच्या पानाचे छायाचित्र घ्यायचे आहे.